सोमवारच्या सात दाढ्या

४ नोव्हेंबर, सोमवार

आज वही सुरू केली. कारण भांडण. वृद्धाश्रमात पुरुष आठ. त्यांतले कॅप्टन दाढी राखून आहेत, म्हणजे माझ्या वाट्याला सात. आणि या सातांत दर सोमवारी एकच वाद, पहिला नंबर कुणाचा. नवं पातं पहिल्याला मिळतं आणि बाकीच्यांना उष्टं, असा त्यांचा पक्का समज. मी प्रत्येकाला नवं पातं लावतो, डोळ्यांसमोर कागद फाडून दाखवतो, तरी नाही. आज हेडमास्तर आणि पोस्टमन यांच्यात अशी जुंपली की मेट्रनबाई ऑफिसातून उठून आल्या. म्हणाल्या, "काका, कुणाचा नंबर कधी लागला ते लिहून ठेवत जा बरं. माझ्या डोक्याला ताप नको." म्हणून ही वही. ब्लेडच्या एजंटानं दिलेली, दोन वर्षं नुसती पडून होती.

आजचा क्रम: हेडमास्तर, ड्रायव्हर, टेलर, जज्जसाहेब, पोस्टमन, घड्याळवाले, दादा.

दादा कायम शेवटी, त्यावर वाद नाही. तो माझा सख्खा मोठा भाऊ. वस्तरा त्यानंच माझ्या हातात दिला, दुकानही त्याचंच. शेवटी ठेवला की जरा निवांत बसता येतं. सोमवारी दुकान बंद असतं, घाई कसली.

"वस्तरा धरलायस की झाडू?" आजही म्हणालाच. चाळीस वर्षं ऐकतोय. हात कापायला लागले म्हणून त्याचा वस्तरा सुटला, तोंड कुठं सुटलंय. निघताना नेहमीचा प्रश्न, "मागची खोली झाली का?" म्हटलं, रंग देऊन झाला की तुला घरी नेतो. उन्हाळ्यापासून हेच सांगतोय. रंगाचा डबा आणून ठेवल्याला तीन महिने झाले. पण हिची तयारी दिसत नाही. म्हाताऱ्या माणसाचं सगळं शेवटी घरातल्या बाईवर पडतं. तिला मी कसा भरीस पाडू?

६ नोव्हेंबर, बुधवार

लेक आली, नातीला घेऊन. दहा दिवस आहे. नात दोन वर्षांची, तिचं नाक नळासारखं वाहतंय. लेक म्हणाली, "पाळणाघरात सगळ्यांचंच वाहतं बाबा, दोन दिवसांत थांबतं." पोरगी "आबा" म्हणून गळ्यात पडली आणि नाक माझ्या खांद्याला पुसून मोकळी झाली. धुतलेला शर्ट होता. चालायचंच.

हिनं जेवताना विचारलं, "तो डबा इतके दिवस बंद आहे, रंग आळला तर नसेल ना?" टोमणाच तो. मी नातीला भरवत राहिलो.

१० नोव्हेंबर, रविवार

घसा खवखवतोय, शिंका येतायत. दिवसभर कापलेले केस आणि पावडर नाकात जाते, या धंद्यात हे व्हायचंच. अंगात ताप नाही. नातीचं नाक थांबलं. आता नुसती खोकते आणि घरभर पळते.

हिनं मागच्या खोलीतली गादी उन्हात टाकली होती. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. ढेकूण झाले असतील.

११ नोव्हेंबर, सोमवार

जायचं जिवावर आलं होतं. नाक गळत होतं, डोकं जड. पण ते सात जण आंघोळी उरकून, गळ्यात टॉवेल अडकवून नऊ वाजल्यापासून बसलेले असतात. त्यांच्या आठवड्यात दुसरं आहे काय? गेलो. दारात कपाळावर ते पिस्तूल रोखून ताप बघतात. पास झालो.

क्रम: टेलर, हेडमास्तर, पोस्टमन, ड्रायव्हर, घड्याळवाले, जज्जसाहेब, दादा.

टेलरच्या नुसत्या मिशा कातरल्या, दोन मिनिटांचं काम. ड्रायव्हरना दाढी चालू असताना बोललेलं खपत नाही. म्हणतात, "पातं गळ्यावर असताना तुम्ही ड्रायव्हर. ड्रायव्हरशी बोलू नये असं गाडीत लिहिलेलं असतं." बाकीच्यांना गप्पा हव्यातच, आणि सगळे कानानं अधू. कानाशी तोंड नेऊन बोलल्याशिवाय शब्द पोचत नाही.

पोस्टमनचं आपलं एकच. डोळे मिटून बसतात आणि म्हणतात, "चला कारागीर, स्टेशनपासून सुरू करा." मग मी सांगायचं, कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान हललं, शाळेच्या फाटकाला निळा रंग दिला, दवाखान्याशेजारचं झाड पाडलं. तीस वर्षं त्या रस्त्यानं थैली घेऊन चालले ते. अर्धा तास लागला, रस्ता संपेपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही.

कॅप्टन खिडकीतून ओरडले, "एकदा ही दाढी उतरवून टाक रे!" मी म्हटलं, "नको साहेब, खालून कोण निघेल कुणी सांगावं." दर सोमवारी हेच बोलतो आणि दर सोमवारी दोघंही हसतो.

दादा आज विचारत होता, "फडकं कुठंय?" दुकानात त्यानं जन्मभर नाकातोंडाला पांढरं फडकं बांधलं. मलाही तेच शिकवलं. फडकं बांधायचं आणि पातं टेकलं की श्वास धरायचा. गिऱ्हाइकानं आपला चेहरा आपल्या हातात दिलाय, त्याच्या तोंडावर आपला श्वास जाता कामा नये. मोठ्या साथीत सगळ्या जगानं मास्क लावले तेव्हा म्हणाला होता, "आली अक्कल." साथ ओसरली, मास्क गेले, त्यांच्याबरोबर माझं फडकंही गेलं. मी म्हटलं, "अरे, मी तंबाखू खात नाही, तोंडाला वास नाही. आणि बांधलं तर तुला ऐकू कसं येणार?"  बराच वेळ बसलो. खोलीचं विचारलंन. म्हटलं, या महिन्यात.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी मेट्रनबाईंचा फोन. पोस्टमन बाथरूममध्ये पडले, टाके घालायचे होते, जखमेभोवतीचे केस काढायला बोलावलं. गेलो. मला ओळखलंच नाही. "रजिस्टर आहे, सही करा," म्हणत होते. दोन दिवस जेवण नाही. हेडमास्तरही ताटावरून उठून जातात म्हणे. ताप मात्र कुणालाच नाही, बाईंनी दोनदा बघितला. हवा बदलली की म्हाताऱ्या माणसांचं असंच होतं.

१७ नोव्हेंबर, रविवार

लेक आणि नात गेल्या. घर एकदम रिकामं वाटतंय. माझी सर्दी अंगावरच काढली, गेली.

१८ नोव्हेंबर, सोमवार

क्रम: ड्रायव्हर, टेलर. बस्स.

बाकीचे बिछान्यात. खोकला आहे, पण छाती फुटेल असा नाही, कोरडा, थकलेला. दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता. भराभर श्वास घेत होता. हलवलं तर म्हणाला, "बाबा, आज दुकान लवकर बंद करा." आमचे वडील जाऊन पस्तीस वर्षं झाली. बसवून दाढी करायला घेतली, तर मान धरवेना. गालावरून दोन हात फिरवले आणि सोडून दिलं. झाडू म्हणाला नाही.

बाहेर येऊन बाकावर बसलो. डोकं फिरलं याचं, असंच वाटलं. आणि मग जे वाटलं ते लिहायला लाज वाटते. वाटलं की आता घरी आणायचा प्रश्नच मिटला. असा माणूस घरी कोण सांभाळणार? सुटल्यासारखं वाटलं. कॅप्टन काठी टेकत आले, चहाचा कप माझ्या हातात दिला, म्हणाले, "सगळे आडवे झाले रे, पत्ते खेळायला माणूस नाही." त्यांना साधी शिंक नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

दादाला हॉस्पिटलात हलवलं. ओठ निळे पडले होते. नाकाला नळ्या, वर ऑक्सिजन. पोस्टमन कालपासून तिथंच आहेत, तेही तसेच.

मेट्रनबाईंच्या डोक्याचा भुगा झालाय. बायकांच्या बाजूला एकही आजारी नाही, फक्त पुरुष. बायकांची जेवणाची पाळी वेगळी, पाण्याची टाकीही वेगळी. मग पुरुषांची टाकी उपसून, घासून घेतली. मीही बादल्या उचलल्या. तळाशी एक कबुतराचं पीस सापडलं. सगळे त्याच्याकडे असे बघत होते की आता चोर सापडला.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आज हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई बोलल्या. लेकीच्या वयाच्या, डोळ्यांखाली काळं झालेलं, उभ्याउभ्याच बिस्किट खात होत्या. मी विचारलं, टाकीतलं काही होतं का? म्हणाल्या, "नाही हो. हा श्वासातून पसरणारा विषाणू. आरएसव्ही म्हणतात. लहान मुलांत घरोघरी असतो."

समजलं तेवढं लिहितो. विषाणू म्हणजे जिवंत असा किडा नाही. स्वतःच्या नकला कशा काढायच्या याची नुसती कृती, आरएनए नावाच्या बारीक धाग्यावर लिहिलेली आणि वेष्टनात गुंडाळलेली. आधी नाकाघशाच्या आतल्या अस्तराला चिकटतो, पेशीत शिरतो आणि तिला आपल्या नकला काढायला जुंपतो. त्या नकला शेजारच्या पेशींत. धडधाकट माणसाला यात सर्दी होते, नाक वाहतं, संपलं. पण म्हातारपणी शरीर अडवायला वेळ लावतं, तोवर तो खाली फुप्फुसात उतरतो. तिथं श्वासाच्या नळ्या शेवटी शेवटी अगदी बारीक. त्या सुजतात, मेलेल्या पेशी आणि चिकट कफ मिळून त्यांत बोळा बसतो. हवा आत पोचत नाही, रक्ताला ऑक्सिजन मिळत नाही.

"पण ताप नव्हता एकालाही," मी म्हटलं.

"ताप म्हणजे शरीरानं लढायला घेतल्याची खूण. या वयात कितीदा तो येतच नाही. माणूस जेवत नाही, पडतो, भलतंच बोलतो. घरचे म्हणतात वय झालं."

"दादा मला बाबा म्हणाला. मला वाटलं डोकं गेलं."

"ऑक्सिजन कमी पडला की मेंदूही गोंधळतो. बरे झाले तर बहुतेक ओळखतील." हातावरचा चुरा झटकून त्या पुढं म्हणाल्या, "यावर खास असं औषध नाही हो. ऑक्सिजन द्यायचा, पाणी द्यायचं, वाट बघायची. आणलं कुणी ते कळलं तर बरं, बाकीच्यांना जपता येईल. सर्दी झालेलं कुणी जवळ येऊन बसलं होतं का? हातभर अंतरावर, बराच वेळ?"

म्हटलं, नाही. मोठ्या अधिकारानं सांगितलं. दारात ताप बघून सोडतात, असंही वर सांगितलं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

पोस्टमन पहाटे गेले.

त्यांची मुलगी आली होती, पन्नाशीची असेल. पोस्टमनची बारा दिवसांची दाढी वाढली होती, एक सोमवार चुकला तरी त्यांना चालत नसे. तिनं विचारलं, "कराल का?" केली. गार गालावर फेस बसत नाही, वस्तरा अडतो. सावकाश केली. मुलगी हात जोडून म्हणाली, "बाबा फोनवर सोमवारचंच सांगायचे. तुम्ही त्यांना रस्ता फिरवून आणायचात ना? फार उपकार आहेत तुमचे." मला भरून आलं. 

२४ नोव्हेंबर, रविवार

वृद्धाश्रमात दादाचे कपडे आणायला गेलो. कॅप्टन फाटकापाशी एकटेच बसले होते. म्हणाले, "माझी दाढी वाचवतेय बघ मला."

दर सोमवारसारखंच हसायला गेलो, आणि हसू अर्ध्यावर राहिलं.  तसाच घरी आलो आणि वही काढली.

अकरा तारीख. टेलर, दोन मिनिटं, तो ठीक आहे. ड्रायव्हर, बोललेलं चालत नाही, तोही ठीक. हेडमास्तर, पोस्टमन, घड्याळवाले, जज्जसाहेब, दादा. ज्यांच्या ज्यांच्या तोंडापाशी तोंड नेऊन मी बडबडलो ते सगळे. कॅप्टनना दाढी. बायकांना मी हात लावत नाही. त्याच्या वर दहा तारीख, घसा खवखवतोय. त्याच्या वर सहा तारीख, खांद्याला पुसलेलं नाक. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. पाती बदलली, टॉवेल उकळले, हात डेटॉलनं धुतले, ब्रश वाळवले, सगळं केलं. श्वास तेवढा धरला नाही.

हिला सांगितलं. तिनं वही घेऊन सहा तारखेचं पान स्वतः वाचलं. मग म्हणाली, "नातीला दोष देऊ नका." मी कशाला देऊ तिला दोष?

२५ नोव्हेंबर, सोमवार

आधी हॉस्पिटलात जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि मान हलवली, रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग मेट्रनबाईंपुढे वही ठेवली. त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं.

"काका, मीही त्या आठवड्यात खोकत होते. ताप नव्हता म्हणून कामावर आले. रविवारी भेटायला येणारे असतात, स्वयंपाकी आहे. शंभर टक्के कोण सांगणार?"

"तुम्ही बायकांच्या बाजूलाही जाता. त्या आजारी पडल्या नाहीत."

त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. "पोस्टमनच्या मुलीला सांगायला जाऊ नका. सांगून ते परत येणार आहेत का?"

मला तेच हवं होतं बहुतेक. लगेच हो म्हटलं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

दादानं डोळे उघडले. माझ्याकडे बघून म्हणाला, "तू. दुकान कुणावर टाकून आलास?" नर्ससमोर रडलो. ऑक्सिजन अजून आहे, पण कमी केलाय. हेडमास्तर, घड्याळवाले, जज्जसाहेब वृद्धाश्रमातच सावरले. बोलायचं त्राण कुणात नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

मी घरी येऊन म्हटलं, दादाला इथंच आणायचं, तुझी तयारी असो नसो. ही कणीक मळत होती. माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाली, "पडदा धुतलाय, गादी दोनदा उन्हात टाकली, रंग आळेल म्हणून चारदा सांगितलं. अजून कसली तयारी करू?" मी डबा उघडला. वर साय धरली होती, खाली रंग चांगला होता. ब्रश मी धरला, शिडी हिनं.

तयारी माझी नव्हती, एवढंच. तो घरात म्हणजे दिवसभर माझ्या हाताकडे बघणार.

१६ डिसेंबर, सोमवार

दादाला परवा घरी आणलं. चार पावलं टाकली की बसावं लागतं. हॉस्पिटलातली दाढी बोटभर वाढलेली.

आज सकाळी करायला घेतली. त्याचं जुनं फडकं कपाटाच्या तळाशी सापडलं होतं, हिनं धुऊन इस्त्री करून ठेवलं होतं. ते बांधलं. दादा आरशातून बघत राहिला. डावा गाल झाला. मग मी सांगायला सुरुवात केली. चार दिवस पाठ करत होतो. तुझं दुखणं माझ्याकडून आलं, पोस्टमन माझ्यामुळं गेले, सगळं एका दमात सांगून टाकलं.

"काय? मोठ्यानं बोल," दादा म्हणाला.

फडक्यातून त्याला एक अक्षर पोचलं नव्हतं. फडकं खाली ओढून कानाशी जावं तर तेच करायचं नव्हतं. आणि ओरडून सांगावं तर पुन्हा तोंडच उघडेना. शेवटी ही वही आणली, अकरा तारखेचं पान काढून त्याच्या हातात दिली.

त्यानं चष्मा लावला. उजव्या गालावर फेस तसाच. बोट ठेवून सावकाश वाचलं. मला वाटलं तेवढंच पान वाचेल. तो मागं गेला, पुढं गेला. रंगाचा डबा वाचला. अठरा तारखेला मला सुटल्यासारखं वाटलं ते वाचलं. तिथं बोट बराच वेळ थांबलं. मी वस्तरा धरून उभा. शेवटच्या पानापर्यंत वाचून त्यानं वही मांडीवर पालथी ठेवली.

"ढेकूण म्हणे," तो म्हणाला. "घरातल्या बाईचं मन कळत नाही तुला."

मी वस्तरा टॉवेलाला पुसला.

"पोस्टमनची मुलगी राहते कुठं?"

"दवाखान्याच्या पलीकडं. झाड पाडलं तिथं."

"तिला हे ठाऊक आहे?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

"तिनं तुझ्यापुढं हात जोडले," दादा म्हणाला. त्याला धाप लागली. थांबला, पुन्हा श्वास गोळा केला. "फेस वाळला. नवा लाव. उजवा गाल कर आणि जा. वही घेऊन जा, तोंडानं तुला जमायचं नाही."

नवा फेस केला, पातं बदललं. पातं टेकलं तसा श्वास धरला. उजवा गाल होईस्तोवर तो आरशातून माझ्या हाताकडेच बघत होता, पण हाताबद्दल काही बोलला नाही.

अकरा वाजतायत. हिनं शर्ट काढून ठेवलाय. एवढं लिहून निघतो.